धाकटीच्या घड्याळाची काच

त्या बेकरीच्या थोरल्या सुनेला गल्लीतली सगळी लहानथोर माणसं 'जाऊबाई' म्हणायची. पोस्टमन म्हणायचा, समोरचा चष्मेवाला म्हणायचा, शाळेच्या वाटेवरची पोरंसुद्धा "जाऊबाई, टोस्ट द्या" म्हणून हात पुढे करायची. खरं तर ती जाऊ होती एकट्या धाकटीची. पण धाकटीला ऐकू येत नसे, त्यामुळे आपला आवाज किती चढलाय याचा तिला अंदाज नसायचा. मागच्या भट्टीघरातून तिने "जाऊबाई!" अशी हाक घातली की ती दुकान ओलांडून, रस्ता ओलांडून पलीकडच्या दवाखान्यात बसलेल्या पेशंटांपर्यंत जायची. वर्षानुवर्षं ऐकून ऐकून लोकांच्या तोंडात तेच नाव बसलं.

धाकटीचे कान लहानपणीच्या एका तापात गेले. तोवर ती चुरूचुरू बोलायला लागलेली होती, त्यामुळे बोलणं टिकलं. ऐकण्याचं काम मात्र डोळ्यांवर आलं. समोरच्याच्या ओठांवरून ती बोलणं ओळखायची, आणि असं पक्कं ओळखायची की नव्या माणसाला महिनोन्महिने पत्ता लागायचा नाही. माणूस फक्त समोर हवा, उजेडात हवा आणि तोंडात काही चघळत नसावा. पाठ फिरवून बोलणारा माणूस तिच्या लेखी मुकाच.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा सासूबाई काळजीत पडल्या होत्या. सून कामाला वाघ, पिठाला तिचा हात लागला की पाव कापसासारखा उतरायचा. पण भट्टीची घंटा तिला कळणार कशी? जरा उशीर झाला की पावाचा कोळसा. सासूबाई तिला पुड्या बांधायला बसवणार होत्या. तेव्हा थोरली पुढे झाली.

"घंटा मी ऐकेन," ती म्हणाली. "भट्टी हिला बघू दे. मला नाहीतरी तिथे उभं राहिलं की गरगरतं."

तशी वाटणी झाली. थोरली पुढे गल्ल्यावर, धाकटी मागे भट्टीवर. दुकानातून भट्टीघरात उतरायला दगडी पायऱ्या होत्या. घंटा वाजली की जाऊबाई हातातलं गिऱ्हाईक तसंच सोडून पायऱ्या उतरायची आणि धाकटीच्या खांद्यावर थाप मारायची. दणदणीत थाप म्हणजे पाव झाले, काढ. लागोपाठ दोन हलक्या थापा म्हणजे वर ये, चहा झालाय. सगळा तळवा पाठीवर टेकवला की समजायचं, आज माझं डोकं फिरलंय, वाटेला जाऊ नकोस. पुढे पुढे तर नुसत्या हाताच्या वजनावरून धाकटी ओळखायची की एखादं गिऱ्हाईक भांडून गेलंय की थोरल्या दिरांचा दमा उसळलाय. सासूबाई गेल्या. धाकटीची लेक मोठी होऊन दुसऱ्या शहरात नोकरीला लागली. लाकडाची भट्टी जाऊन विजेची आली, घंटेच्या जागी किरकिरा भोंगा आला. जाऊबाईचं वरखाली मात्र चालूच राहिलं.

ते थांबलं घड्याळामुळे.

घड्याळ लेकीने आणलं. सुट्टीला आली तेव्हा एक चपटं, काळंभोर घड्याळ आईच्या मनगटावर बांधून ती म्हणाली, "आता डोळे मीट."

धाकटीने डोळे मिटले. क्षणभर काहीच झालं नाही. मग मनगटावर असं काही गुरगुरलं, जसं मांजराचं पिल्लू कुशीत घेतल्यावर गुरगुरतं. धाकटी दचकून मागे सरली.

"घाबरतेस काय! वेळ झाली म्हणून सांगतंय ते तुला," लेक म्हणाली. "पाव आत सरकवलेस की इथे बोट लावायचं. झाले की तेच हात हलवेल. कुणी खाली यायला नको, काही नको."

दुसऱ्या दिवशी धाकटीने एकटीने घाणा लावला आणि एकटीने काढला. घड्याळ गुरगुरलं, तिने दार उघडलं, पाव आत बदामी होऊन बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा, दुसऱ्या कुणाच्या कानांवाचून, तिला वेळ कळली होती. तो ट्रे तिने तसाच उचलला आणि पायऱ्या चढून वर आली.

"जाऊबाई, बघा! आता तुमच्या गुडघ्यांना सुट्टी!"

जाऊबाईचे गुडघे गेली काही वर्षं कुरकुरत होतेच. "बरं झालं बाई," ती म्हणाली आणि बिस्किटं तोलायला वळली. वळताना ती आणखी काही बोलली की नाही, ते धाकटीला दिसलं नाही.

त्यानंतर जाऊबाई खाली येईनाशी झाली. भांडण नाही, अबोला नाही, काही नाही. दुकान आणि भट्टीघर यांच्यामधल्या भिंतीत एक चौकोनी खिडकी होती, तिथून भरलेले ट्रे वर जायचे आणि रिकामे खाली यायचे. चहा कपात ओतून जाऊबाई त्याच खिडकीत ठेवायची. धाकटी कप उचलायला जाईपर्यंत वर फक्त जाऊबाईची पाठ दिसायची. गुडघे दुखत असतील, धाकटी मनाशी म्हणायची. कामाच्या रगाड्यात ते मनातही फार वेळ राहायचं नाही.

तशातच तो दिवस उगवला. सकाळची विक्री आटोपली होती. धाकटीचा नवरा गाडी घेऊन हॉटेलांच्या वाटेला गेला होता आणि धाकटी दुपारचा घाणा लावत होती. हा घाणा मोठा असायचा. मुलींच्या वसतिगृहाचे संध्याकाळचे पाव त्यातच असायचे. मळायच्या यंत्रातून पीठ काढून तिने लाकडी परातीत घेतलं. पीठ असं जमून आलं होतं की बोट रुतवलं तर हळूच वर येत होतं. उरलंसुरलं खरवडताना हात यंत्राच्या कडेवर आपटला. असं दिवसातून दहादा व्हायचं, म्हणून तिने लक्ष दिलं नाही. पिठाला ओलं फडकं घातलं आणि फुगण्याची वेळ लावायला घड्याळावर बोट टेकवलं.

घड्याळ ढिम्म. बोटाला पीठ असेल म्हणून तिने पदराला पुसून पुन्हा टेकवलं. काही नाही. मग जरा दाबून फिरवलं, तर बोटाला टचकन काहीतरी टोचलं आणि रक्ताचा थेंब उभा राहिला. ती उजेडात गेली. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा पसरल्या होत्या. पण खरी भीती त्या रेघांची नव्हती. खालच्या कोपऱ्यातला, नखाएवढा तुकडा तिथे नव्हताच.

आधी तिने जमीन पाहिली. मग टेबल, टेबलाखाली, यंत्राची कड, यंत्राचा तळ. केरसुणीने सगळं भट्टीघर झाडून केर पांढऱ्या कागदावर पसरला आणि बोटाने चाळला. पीठ होतं, पावाचा चुरा होता, कधीचं हरवलेलं ब्लाउजचं बटण होतं. काच नव्हती. सगळीकडे शोधून झालं आणि एकच जागा उरली. फडक्याखाली पीठ शांतपणे फुगत होतं.

एवढ्यात नवरा आला. तिचा चेहरा पाहून त्याने किल्ल्या खिशात टाकायच्या आधीच विचारलं, "काय झालं?"

तिने मनगट पुढे केलं.

"हात्तिच्या! मला वाटलं भाजलंबिजलं तुला. करून आणू की दुरुस्त."

"तुकडा नाहीये, अहो. कोपऱ्यातला."

तो तिच्याकडे पाहत राहिला. मग परातीकडे. मग त्यानेही विजेरी आणली, गुडघ्यांवर बसून भट्टीखाली, कपाटाखाली उजेड पाडला, आणि कपाळाला धूळ लावून उठला.

"भट्टीच्या मागे सरकला असेल," तो म्हणाला. "पिठात कशाला जाईल? काच जड असते, खालीच पडणार." आणि मग, तिच्याकडे नीट तोंड करून, हळू, "अगं, वसतिगृहाचा घाणा आहे. आता हे टाकलं तर पुन्हा मळणार कधी, फुगणार कधी?"

तो वाईट माणूस नव्हता. पहाटेपासून गाडी हाकून शिणलेला होता एवढंच. आणि खरं सांगायचं तर धाकटीलाही मनातून तेच हवं होतं. भट्टीमागे असेल, तिने स्वतःला सांगून पाहिलं. नक्की भट्टीमागेच. फडकं जरा उचलून तिने पिठाकडे पाहिलं. एखाद्या झोपलेल्या बाळाच्या पोटासारखं ते वर आलं होतं. त्यात हात घालून शोधावं तर मुठीमुठीने सगळं चिवडावं लागणार, आणि एवढं करूनही नखाएवढा पारदर्शक तुकडा सापडेल याची हमी नाही. निर्णय तिच्याने होईना. आणि तो होईना, तेव्हा किती तरी दिवसांनी तिच्या तोंडून जुनी हाक निघाली.

"जाऊबाई!"

पलीकडच्या दवाखान्यातल्या पेशंटांनी माना वर केल्या असतील. जाऊबाई एका हाताने भिंत धरून, एकेका पायरीवर थांबत खाली आली. धाकटीने मनगट दाखवलं, कोपरा दाखवला, परात दाखवली. जाऊबाईने घड्याळ डोळ्यांजवळ धरून पाहिलं. मग धाकटीसमोर उभी राहून, पूर्वी बोलायची तसं तोंड उघडून तिने विचारलं, "पिठात नाही, अशी खात्री आहे?"

"नाही."

"पिठात आहे, अशी?"

"तीही नाही."

"मग झालं तर," जाऊबाई म्हणाली आणि बाह्या वर सारल्या.

"वहिनी, अहो, एवढा मोठा घाणा..." धाकटीचा नवरा पुढे आला.

"भाऊजी, रिकामं पोतं द्या."

दोघींनी मिळून परात कलती केली. पीठ पोत्यात जाता जाता चिकटत होतं, लोंबत होतं, जसं काही जायला तयार नव्हतं. धाकटीने दात आवळून शेवटचा गोळा खरवडला. नवरा पोत्याचं तोंड धरून उभा राहिला. मग त्यानेच ते बांधलं, बाहेर नेलं, आणि परत येऊन दाराच्या चौकटीला टेकून म्हणाला, "बरं. पण वर लोकांना सांगायचं काय? भट्टी बिघडली म्हणा. काच म्हटलंत तर उद्यापासून कुत्रंसुद्धा फिरकणार नाही."

"बघते मी," जाऊबाई म्हणाली.

तिने काय केलं ते धाकटीला खिडकीतून दिसलं. दुपारच्या पावांसाठी माणसं जमायला लागली होती. जाऊबाई गल्ल्यामागे, खिडकीतून ओठ दिसतील अशी तिरकी उभी राहिली आणि सरळ सांगून मोकळी झाली. पीठ मळताना घड्याळाची काच फुटली, तुकडा सापडत नाही, पिठात गेला असेल म्हणून पीठ टाकलं, नवे पाव व्हायला संध्याकाळ होईल. कुणी "अरेरे" म्हटलं, कुणी खांदे उडवून निघून गेलं. पण नेहमी येणाऱ्या एक निवृत्त मास्तरीणबाई होत्या. त्या जागच्या हलल्या नाहीत. पिशवी छातीशी धरून त्यांनी विचारलं, "आणि सकाळचे? सकाळचे पाव आमच्या घरी नातवंडांनी खाल्लेत."

आत्तापर्यंत "अरेरे" म्हणणारेही आता थांबून ऐकायला लागले. जाऊबाई खिडकीशी आली, वाकली, धाकटीला चेहरा दिसेल अशी मान आत घातली आणि विचारलं, "सकाळी काच धड होती का गं? नीट आठवून सांग."

धाकटीने डोळे मिटून सकाळ आठवली. सकाळचा शेवटचा घाणा आत गेला होता, दार लागलं होतं, आणि मग तिने काचेवर बोट फिरवून वेळ लावली होती. काच बिलोरी होती, बोट सुळकन फिरलं होतं.

"धड होती!" ती म्हणाली. "सगळे पाव भट्टीत गेल्यावर मी स्वतः बोट फिरवलं तिच्यावर! फुटली ती आत्ता, दुपारच्या पिठाला!"

हे तिने अशा आवाजात सांगितलं की खिडकीतल्या कपबश्या खणाणल्या. मास्तरीणबाईंनी कानावर हात ठेवला आणि पुढच्याच क्षणी त्यांना हसू फुटलं. "कळलं, बाई, कळलं," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी येते मी."

धाकटीचा नवरा वसतिगृहात सांगून आला. तिथली स्वैपाकीण दोन शब्द बोलली, पण पाव उशिरा आले तरी चालतील म्हणाली. पुन्हा पीठ चाळलं, पुन्हा मळलं. घड्याळ आता एका डब्यात घालून वरच्या फळीवर ठेवलं होतं. धाकटीचं मनगट उघडं, हलकं झालं होतं, आणि ते हलकेपण तिला अजिबात आवडत नव्हतं. घाणा आत सरकवल्यावर ती भट्टीसमोरच उभी राहिली. जरा वेळाने दार किलकिलं करून बघायची, लावायची. पुन्हा बघायची. भट्टीतली धग उगाच वाया जात होती.

मग खांद्यावर थाप बसली. दणदणीत.

पाव उतरवून झाल्यावर तिने मागे पाहिलं, तर जाऊबाई सगळ्यांत खालच्या पायरीवर टेकली होती आणि गुडघा चोळत होती. दारातून येणारा उतरता उजेड बरोबर तिच्या तोंडावर पडला होता. धाकटी पिठाचा रिकामा डबा पालथा घालून समोर बसली. गरम पावांचा वास दोघींच्या मध्ये भरून राहिला.

"इतके दिवस का नाही आलात?" धाकटीने विचारलं.

"तूच म्हणालीस, गुडघ्यांना सुट्टी."

"गुडघ्यांना म्हणाले. तुम्हाला नाही."

जाऊबाईला हसू आलं, पण ते टिकलं नाही. "तुला तुझं तुझं जमायला लागलं," ती म्हणाली. "म्हटलं, आता आपण कशाला मध्ये लुडबुडायचं? वर गिऱ्हाइकांशी बोलते मी दिवसभर, पण ते सगळं पावांचं बोलणं. घरी तुझे दीर पेपरात तोंड खुपसून बसतात, मी बोलले तर 'हं' म्हणतात. इथे खाली आले की तू अशी टक लावून बघतेस माझ्याकडे. माझं बोलणं एवढ्या लक्षाने दुसरं कोण ऐकतं गं?"

आयुष्यभर तिला वाटत आलं होतं की ओठ वाचणं म्हणजे आपल्यातलं उणं झाकणं. ते कुणाला हवंसं वाटत असेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. पण तिच्याही मनात एक गोष्ट होती, आणि ती आज बोलली नसती तर कधीच बोलली नसती.

"आणि माझं काय?" ती म्हणाली. "दर थापेला मला वाटायचं, घेतला आणखी एक उपकार. तुम्ही गिऱ्हाईक सोडून यायचात. ताप असला तरी यायचात. मी नुसती घेतच होते. हे घड्याळ आलं तेव्हा वाटलं, सुटल्या एकदाच्या जाऊबाई माझ्यातून."

"उपकार?" जाऊबाईने हात गुडघ्यावरून काढला. "वेडी की काय तू? अगं, थापा मारायला मिळायच्या म्हणून तर या घरात माझं डोकं ठिकाणावर राहिलं. सासूबाईंचा राग, तुझ्या दिरांचा राग, सगळा तुझ्या खांद्यावर काढलाय मी."

"तरीच! खांदा एकीकडे खाली आलाय माझा."

दोघी इतक्या हसल्या की गाडी लावून आलेला धाकटीचा नवरा वरच्या पायरीवरच थबकला आणि काय झालं ते न विचारता गल्ल्यावर जाऊन बसला.

हसून झाल्यावर जाऊबाई भिंतीला धरून उठली आणि म्हणाली, "पण ते घड्याळ नीट करून आण. तुला ते हवंच आहे. मघाशी त्या भट्टीसमोर कशी उभी होतीस, बघितलंय मी."

घड्याळ घेऊन धाकटी आधी एकटीच बाजारातल्या मोठ्या, चकचकीत दुकानात गेली. तिथला तरुण मान खाली घालून, संगणकाकडे बघत बोलत होता. तिने दोनदा सांगितलं, "माझ्याकडे बघून बोला." त्याने बघितलं, हसला, आणि पुन्हा मान खाली घालून बोलायला लागला. शेवटी त्याने नव्या घड्याळांची कपाटं दाखवली. ती परत आली.

दुसऱ्यांदा जाऊबाई बरोबर निघाली. दुकान तासाभरापुरतं थोरल्या दिरांवर सोपवून दोघी जावा मिळून बाहेर पडल्याला किती तरी वर्षं झाली होती. जाऊबाईने चपला बदलल्या, केस विंचरले, जणू लग्नालाच निघालीय. बाजाराच्या मागच्या गल्लीत, जिन्याखालच्या खोलीत एक घड्याळदुरुस्तीवाला बसायचा. उजव्या डोळ्याला भिंग, समोर इवलीशी हत्यारं. माणूस मोठा आदबीचा, बोलताना अगदी समोर बघणारा. पण त्याच्या मिश्या अशा काही झुपकेदार होत्या की वरचा ओठ नावालाही दिसत नव्हता. धाकटीने मान तिरकी केली, वाकली, खालून पाहिलं. त्या केसांच्या जंगलातून एक अक्षर बाहेर येईना.

"काय म्हणतात?" तिने जाऊबाईला विचारलं.

"काच आणि तिच्याखालचा पडदा एकमेकांना चिकटवलेले असतात म्हणे. नुसती काच बदलता येत नाही. गरम करून सगळंच वरचं उचलावं लागेल. भाग मागवतो म्हणतात."

मिशीवाल्याने पातळ पात्याने घड्याळाची कड जराशी उचलून भिंगातून आत पाहिलं आणि पुन्हा काहीतरी म्हटलं. जाऊबाई खुदकन हसली.

"आता काय?"

"आत इतकं पीठ गेलंय की पाणी घातलं तर पाव फुगेल म्हणतात."

हसताना मात्र त्याच्या मिश्या वर गेल्या आणि ओठ दिसले. धाकटीने ती संधी साधून विचारलं, "होईल ना पण?"

"होईल," तो म्हणाला, आणि एवढा एक शब्द तिने स्वतः वाचला. पुढचं पुन्हा जाऊबाईने सांगितलं. एकदा उघडलेलं घड्याळ पहिल्यासारखं बंद होत नाही, पाण्यापासून, वाफेपासून, पिठापासून जपावं लागेल. आणि पिठात हात घालणाऱ्या बाईने मनगटावर काच बांधूच नये, हे तो आपलं वैयक्तिक मत म्हणून सांगत होता.

परतताना धाकटीचा चेहरा उतरला होता. पिठापासून लांब ठेवायचं घड्याळ बेकरीत वापरायचं कसं? खिशात ठेवून पाहिलं तर गुरगुर कळत नाही, हे तिला ठाऊक होतं. गळ्यात अडकवलं तर वाकताना परातीत डुंबणार. कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे दोघी बसल्या, आणि जाऊबाईने सुजलेला पाय समोरच्या बाकावर टाकला. तो पाय बघता बघता तिचेच डोळे मोठे झाले.

"हातातच घालायचं असं कुठे लिहिलंय?" ती म्हणाली. "पायात घाल की. वर मोजा चढव. पीठ तिथपर्यंत येत नाही, आणि फुटलं तर मोज्यात फुटेल."

भाग यायला थोडे दिवस गेले. तेवढे दिवस जाऊबाई वरखाली करत राहिली. घड्याळ दुरुस्त होऊन आलं तेव्हा पट्टा घोट्याला पुरेना, म्हणून नवऱ्याने जुन्या पिशवीचा बंद कापून त्याला जोड दिला. पहिल्याच दिवशी वेळ झाली तेव्हा मोज्याच्या आत अशी काही गुदगुली झाली की धाकटीने पाय झाडला आणि चप्पल उडून थेट यंत्राखाली गेली. दोन दिवस असं चाललं. मग पायाला सवय झाली, आणि घाणा लावला की हात पुसून, मोजा सरकवून काचेवर बोट टेकवायचीही. काचेचा तो तुकडा मात्र सापडला नाही. पुढे रंगकामासाठी भट्टी भिंतीपासून सरकवली तेव्हा नवऱ्याने मुद्दाम विजेरी लावून कोपरान्‌कोपरा पाहिला. तिथेही नव्हता. त्या रात्री जेवताना तो एवढंच म्हणाला, "टाकलं ते बरं केलंत."

जाऊबाईच्या गुडघ्यांनी पुढच्या हिवाळ्यात अगदीच हात टेकले. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली. आता गल्ल्यावर कोण, असा प्रश्न पडला. दिरांना दुकानातल्या पिठाने धाप लागायची, नवऱ्याला गाडी होती. भट्टीसाठी एक हाताखालची बाई मिळाली, धाकटीने तिला शिकवलंही. पण गल्ला? सगळे एकमेकांकडे बघत राहिले. तेव्हा इस्पितळाची पिशवी भरता भरता जाऊबाई म्हणाली, "ही बसेल. गिऱ्हाइकं बघून बोलायला शिकतील."

आणि धाकटी बसली. पहिले काही दिवस घामाघूम व्हायची. कुणी मागे वळून मुलाला दटावत बोलायचं, कुणी फोन कानाला लावून बोटाने पाव दाखवायचं. एकाला बिस्किटांऐवजी टोस्ट गेले, तो कुरकुरत परत आला. पण मास्तरीणबाई रोज यायच्या, आणि रांगेतल्या नवख्या माणसांना दटावायच्या, "मान वर करा, मान वर. समोर बघून सांगा काय हवंय ते." आठवड्याभरात गल्लीच्या माना वर झाल्या. चष्मेवाला तर म्हणायला लागला की या बेकरीत पाव घेताना आपण कुणाशी तरी बोललो असं वाटतं.

इस्पितळातून जाऊबाईने पहिल्यांदा फोन लावला तो चित्र दिसणारा, धाकटीला बोलणं कळावं म्हणून नर्सकडून खास शिकून घेऊन. धाकटीने उचलला. पडद्यावर इस्पितळाचं छत आणि पंखा दिसत होता. मग कपाळ आलं. नुसतं कपाळ, आणि वर विस्कटलेले केस. ते कपाळ तावातावाने हलत होतं, म्हणजे बाई बोलत असणार.

"तोंड दाखवा, जाऊबाई!" धाकटी गल्ल्यावरून ओरडली. "तोंड!"

रांगेतले सगळे हसायला लागले. पडद्यावर एक कान आला, मग उशीचा कोपरा, मग कुणाचा तरी हात. अखेर फोन हलता हलता खाली आला आणि जाऊबाईचा फिकुटलेला, वैतागलेला चेहरा पडदाभर पसरला.

"पाव उरले का?" तिने विचारलं.

धाकटीने फोन वळवून रिकाम्या फळ्या दाखवल्या, मग पुन्हा आपल्याकडे वळवला, गिऱ्हाइकांना जरा थांबायची खूण केली आणि स्टूल ओढून नीट बसली.

"बोला आता," ती म्हणाली. "सावकाश बोला. मी बघतेय."